पोटात बाळ आणि घरात गोवर: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी एएनएम, म्हणजे लोकांच्या भाषेत सिस्टर. ठाणे जिल्ह्यात उपकेंद्रावर बरीच वर्षं काढली. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला, भिवंडी-मालेगावातही पेशंट निघाले, मुलं दगावली, दिल्लीहून पथक आलं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष लहान पोरांवर होतं आणि ते बरोबरच होतं. पण माझा फोन वाजायचा तो गरोदर बायकांचा, रात्री दहा-अकरालासुद्धा. प्रश्न तेच तेच यायचे, अजूनही येतात, म्हणून एकदाच बसून लिहून काढलेत.

गोवर झाला तर बाळात व्यंग येतं ना? मग बाळ ठेवायचं की नाही?

हा पहिला घेते कारण सगळ्यात जास्त रडारड याच्यावरून होते. गोवरामुळे बाळात अमुक एक व्यंग येतं असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. व्यंग येतं ते रुबेलामुळे. त्याला जर्मन गोवर म्हणतात आणि त्या नावानेच सगळा घोळ घातलाय, कारण गोवर आणि रुबेला हे दोन वेगळे व्हायरस आहेत, लस एकत्र देतात इतकाच त्यांचा संबंध. १९४१ मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बऱ्याच बाळांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता, आणि मग बहिरेपण, हृदयातले दोष हे सगळं पुढे आलं. पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळावर परिणाम व्हायचा चान्स ९० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून डॉक्टर त्याला इतके घाबरतात. ती भीती उचलून गोवरावर चिकटवू नका. नुसता गोवर झाला म्हणून पोट पाडायचं कारण नाही. आधी झालाय तो गोवर आहे की रुबेला हे रक्त तपासून पक्कं करा, निर्णयाचं नंतर बघू.

म्हणजे गोवराला घाबरायचं कारण नाही?

आहे, पण दुसऱ्या कारणासाठी. गोवर बाळाला बिघडवत नाही, तो आईला पाडतो आणि बाळाला वेळेआधी बाहेर काढतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९८८ ते १९९१ मध्ये गोवराची मोठी साथ आली होती, तिथल्या ५८ गरोदर बायकांचा नीट हिशोब ठेवून तो १९९३ मध्ये छापला गेला. ५८ पैकी ३५ जणींना ॲडमिट करावं लागलं, १५ जणींना न्यूमोनिया झाला, दोघी गेल्या. त्याच वयाच्या पण गरोदर नसलेल्या बायकांशी तुलना केली तर ॲडमिट व्हायची वेळ दुप्पट, न्यूमोनिया जवळपास तिप्पट, मरणाचा धोका सहापट. आणि १८ गरोदरपणं मुदतीआधीच संपली, ५ मिसकॅरेज आणि १३ महिने भरायच्या आत डिलिव्हरी. यातली एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते, या १८ पैकी १६ जणींचं हे पुरळ उठल्यापासून १४ दिवसांच्या आत झालं. म्हणजे पुरळ दिसलं की पुढचे दोन आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचे, आणि ते निघाले की माणूस जरा श्वास घेऊ शकतो.

बाकी कमी वजनाचं बाळ, पोटातच बाळ जाणं हेही होऊ शकतं.

गरोदरपणातच एवढा जड का जातो?

बाळ हे शरीराला अर्धं परकं असतं, ते टिकावं म्हणून आईची प्रतिकारशक्ती थोडी सबुरीने वागते आणि व्हायरसला तेवढीच वाट मिळते. दुसरं म्हणजे जागा. सातव्या-आठव्या महिन्यात पिशवी वर छातीपर्यंत येते, पूर्ण श्वास भरता येत नाही, ऑक्सिजन मात्र दोघांचा लागतो. अशात फुप्फुसात कफ भरला तर दम लागायला वेळ लागत नाही.

मला लहानपणी गोवर झालेला, आई सांगते. परत होईल का?

खरंच गोवरच झाला असेल तर नाही, तो आयुष्यभर परत येत नाही. याचा एक जुना किस्सा आहे. फॅरो बेटांवर १८४६ मध्ये गोवर आला तेव्हा पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला होता, त्याला दिसलं की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे ६५ वर्षांनीही सुटले आणि बाकी जवळपास अख्खं बेट आजारी पडलं.

पण "आई सांगते" यावर मी पैज लावणार नाही. आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की गोवर, घामोळं असो, कांजिण्या असोत नाहीतर औषधाची रिॲक्शन. खात्री पाहिजे तर रक्तात गोवराची आयजीजी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली की तुमच्याकडे संरक्षण आहे.

माझ्या दंडावर लसीचा व्रण आहे, म्हणजे गोवराचं इंजेक्शन झालंय ना?

नाही हो! हे तर अगदी रोजचं. डाव्या दंडावरचा तो गोल व्रण बीसीजीचा, टीबीच्या लसीचा. गोवराचं इंजेक्शन उजव्या दंडाला कातडीखाली देतात आणि त्याची काहीही खूण राहत नाही. त्यामुळे दंड बघून काही कळत नाही, कार्ड लागतं, आणि कार्ड कुणाकडेच नसतं, माहेरच्या ट्रंकेत असतं नाहीतर पावसात भिजून गेलेलं असतं.

मग अंदाज वयावरून लावायचा. सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ च्या सुमारास आली आणि दुसरा डोस २०१० नंतर. म्हणजे आज तिशीत असलेल्या बाईला सरकारी दवाखान्यातून फार तर एक डोस मिळालाय, ती नऊ महिन्यांची बाळ असतानाचा, आणि त्या वयात दिलेला एक डोस साधारण १०० पैकी ८५ मुलांनाच लागू पडतो. दोन झाले की आकडा ९५ च्या वर जातो. खासगी डॉक्टरांकडे एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, घेतलेल्यांचं गणित जरा बरं असतं. आणि महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तेव्हा पंधराच्या आतल्या सगळ्यांना डोस द्यायचा होता, त्या मुली आता विशीत आल्यात, काहींची लग्नंही झालीत. त्यांनी शाळेतलं ते इंजेक्शन आठवून बघा. त्या दिवशी पालकांनी भीतीने घरी ठेवलेल्या मुलीही मला आठवतात, पण तो विषय नको आत्ता.

टॉर्च टेस्ट केली, त्यात सगळं ठीक आहे. मग गोवराचं टेन्शन नाही ना?

टॉर्च म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही आजारांची रक्त तपासणी, आणि त्यातला आर म्हणजे रुबेला. गोवर त्या टेस्टमध्ये नसतोच. गोवराची आयजीजी वेगळी सांगून करावी लागते.

त्यात अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. एका बाईचा रिपोर्ट आला, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, घरात कुणीतरी मोबाईलवर बघितलं आणि "बाळ आंधळं होणार" म्हणून दोन दिवस घरात चूल पेटली नाही, सासूबाई तर पिशवी साफ करायची तारीख ठरवून मोकळ्या. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तिला पूर्वी कधीतरी लस मिळाली होती किंवा तो आजार होऊन गेला होता, म्हणजे उलट चांगलीच बातमी! ताजा आजार आयजीएमवरून कळतो, आणि तीही कधीकधी खोटी पॉझिटिव्ह येते म्हणून परत तपासतात. लॅबने कागद हातात दिला पण कुणी दोन वाक्यं समजावलं नाही. तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय रडायचं नाही आणि हसायचंही नाही.

पुतण्याला गोवर निघालाय, एकाच घरात राहतो, मला सहावा महिना. काय करू?

आजच्या आज फोन करा, उद्यावर टाकू नका. कारण इथे दिवस मोजायचे असतात.

गोवर हवेतून पसरतो, पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत व्हायरस हवेत राहतो. संरक्षण नसलेली १० माणसं जवळ असतील तर ९ जणांना होतो. आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून तो दुसऱ्याला लागतो, म्हणजे पुतण्याला नुसती सर्दी-ताप होता तेव्हाच तुमचं काम झालेलं असू शकतं. त्यामुळे "मी त्याला हातच लावला नाही" याला अर्थ नाही, आणि आता पुरळ दिसल्यावर माहेरी पळून जाण्यालाही फारसा अर्थ नाही, उलट तिकडे नेऊन पसरवाल.

डॉक्टर आधी तुमचे डोस, जुना आजार विचारतील आणि जमलं तर आयजीजी लगेच करतील. संरक्षण असेल तर घरी जाऊन जेवा. नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन देतात, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी, शिरेतून, वजनाच्या किलोमागे ४०० मिलिग्रॅम. ६० किलोच्या बाईला २४ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या जवळपास पाच बाटल्या. महाग आहे आणि छोट्या हॉस्पिटलात नसते, मोठ्या ठिकाणी विचारावं लागतं, म्हणूनच वेळ घालवू नका म्हणते. संपर्क झाल्यापासून सहा दिवसांच्या आत ती द्यायची. ती घेतल्यावर आजार टळतो किंवा हलका होतो, पण उशिराही उगवू शकतो, म्हणून एरवी २१ दिवस लक्ष ठेवतात ते मग २८ दिवस ठेवायचं.

घरातल्या बाकीच्यांना, ज्यांचे डोस राहिलेत त्यांना, ७२ तासांच्या आत लस दिली तर उपयोग होतो. तुम्हाला नाही.

मला का नाही? एक इंजेक्शन देऊन टाका ना.

गोवराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या व्हायरसची असते, सरकारी एमआर (गोवर-रुबेला) काय आणि एमएमआर काय. पोटात बाळ असताना जिवंत लस देत नाहीत, हा खबरदारीचा नियम. टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन वेगळं, ते गरोदरपणातलंच आहे, ते चुकवू नका.

मी एमएमआर घेतली आणि पंधरा दिवसांनी कळलं की दिवस गेलेत!

घाबरू नका. लस घेतल्यावर महिनाभर थांबा असं सांगतात खरं, पण चुकून असं झालेल्या बायका जगभर खूप आहेत आणि लसीमुळे बाळात दोष आल्याचं दिसलेलं नाही. यासाठी गर्भपात करायला कुणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. नेहमीच्या डॉक्टरांना तारीख सांगून ठेवा, बास.

हा गोवरच आहे हे कसं ओळखायचं?

आधी ताप, तोही चांगला सणसणीत, सोबत कोरडा खोकला, नाक गळणं आणि लाल पाणावलेले डोळे, उजेड सहन होत नाही. गालाच्या आतून मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, ते दिसले तर नक्कीच गोवर, पण ते दोनेक दिवसच असतात. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागून, केसांच्या कडेने लाल सपाट पुरळ सुरू होतं, चेहऱ्यावरून छाती-पोट-पाय असं खाली उतरत जातं. कांजिण्यांना पाण्याचे फोड येतात आणि खाज सुटते. रुबेला हलका असतो, थोडा ताप, कानामागे-मानेत गाठी, तीन दिवसांत गायब, कित्येकींना कळतही नाही. आणि पावसाळ्यात डेंग्यूचं पुरळही येतं. त्यामुळे शेजारणीला दंड दाखवून निदान करू नका, रक्त आणि घशाचा स्वॅब द्या. रक्तातली आयजीएम पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

दवाखान्यात गेले आणि सगळे माझ्यावरच ओरडले, का?

कारण तुम्ही गरोदर बायकांच्या ओपीडीच्या लाइनीत जाऊन बसलात. तिथे चाळीस पोटं बसलेली असतात. संशय असेल तर आधी फोन करायचा, मास्क लावून जायचं, कुठल्या दाराने यायचं ते विचारायचं. ओरडायला नको होतं हे मात्र मान्य.

घरात कडुनिंब बांधलाय, फोडणी बंद केलीय, आंघोळ नाही. चालेल ना?

कडुनिंबाचा डहाळा दाराला राहू दे, कुणाला त्रास नाही, उलट त्यामुळे शेजारपाजारचे आत येत नाहीत हे चांगलंच. फोडणी नसली तरी चालेल, खोकल्याच्या माणसाला तो ठसका नकोच असतो. पण "गोवर आत बसेल" म्हणून पांघरुणात गुंडाळून खिडक्या बंद करणं, पाणी कमी देणं, नुसत्या मनुकांच्या पाण्यावर ठेवणं हे गरोदर बाईला करू नका. ताप वाढतो, अंगातलं पाणी कमी होतं आणि तेवढ्याने कळा सुरू होऊ शकतात. कोमट पाण्याने अंग पुसा, खिडकी उघडी ठेवा, पेज, वरणाचं पाणी, ताक, सरबत जे जाईल ते द्या. डॉक्टरकडे नेलं तर देवी कोपेल असं म्हणणाऱ्या आजी अजून भेटतात, त्यांच्याशी वाद घालत बसत नाही मी, हळद-कुंकू वाहून घेते आणि रिक्षा बोलावते.

औषध काय?

गोवराच्या व्हायरसवर नेमकं असं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, कॉम्बिफ्लाम घरच्या डब्यातून काढून घेऊ नका. अँटिबायोटिक फक्त न्यूमोनियासारखं वर काही चढलं तर.

एक महत्त्वाचं, गोवर झालेल्या मुलांना व्हिटॅमिन ए चे मोठे डोस देतात आणि त्याने त्यांचे जीव, डोळे वाचतात. ते बघून "मलाही ती पिवळी बाटली द्या" असं म्हणणाऱ्या आहेत. गरोदर बाईला तो मोठा डोस द्यायचा नाही, व्हिटॅमिन ए जास्त झालं तर बाळात दोष येऊ शकतो. म्हणजे व्यंगाची भीती जिथे खरी आहे ती ही जागा, आणि तिथे मात्र कुणी घाबरत नाही!

ॲडमिट कधी व्हायचं?

दम लागतोय, बोलताना वाक्य पुरं होत नाही, छातीत दुखतंय, ताप उतरून परत चढला, गुंगी येतेय, झटका आला, पोटात राहून राहून दुखतंय, अंगावरून रक्त किंवा पाणी जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, यातलं एकही असेल तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. मुंबईत साथीच्या आजारांसाठी सात रस्त्याजवळ पालिकेचं कस्तुरबा हॉस्पिटल आहे. बाकी जिल्ह्यांत सिव्हिल हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज, १०८ ला फोन करा आणि गरोदर आहे, गोवर आहे हे दोन्ही आधीच सांगा.

डिलिव्हरी जवळ आलीय आणि आत्ताच गोवर झाला तर बाळाला होईल?

होऊ शकतो. बाळंतपणाच्या आधीच्या साधारण दहा दिवसांत आईला गोवर झाला तर तो नाळेतून बाळात जाऊ शकतो, आणि जन्मल्यावर पहिल्या दहा दिवसांत बाळाला पुरळ आलं तर ते पोटातूनच घेऊन आलंय असं धरतात. कुणाला नुसतं पुरळ, कुणाला न्यूमोनिया, आणि दिवस भरायच्या आत आलेलं बाळ असेल तर फार अवघड. अगदी लहानपणी गोवर झालेल्या मुलांमध्ये पुढे काही वर्षांनी एसएसपीई नावाचा मेंदूचा आजार व्हायचीही भीती असते, क्वचित होतो पण झाला तर त्यावर इलाज नाही. म्हणून अशा बाळाला जन्मल्या जन्मल्या इम्युनोग्लोब्युलिन देतात आणि इतर बाळांपासून वेगळं ठेवतात.

हे सगळं जुन्या काळचं वाटत असेल तर कॅनडाचं बघा. २०२५ च्या जूनमध्ये ऑन्टारियोत आणि ऑक्टोबरमध्ये अल्बर्टात, आईला गरोदरपणी गोवर झालेली दोन अकाली जन्मलेली बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅनडाचा गोवरमुक्त देश हा दर्जाही गेला. टोरंटो, कॅलगरीला आपली कितीतरी मुलं-मुली आहेत, इकडून डोहाळजेवणाला नाहीतर बाळंतपणाला जाणाऱ्या आजी-आजोबांनी, मावशी-आत्यांनी सोबत लाडूच्या डब्याबरोबर आपल्या डोसचाही विचार करावा.

बाळाला अंगावर पाजू का?

दुधातून गोवर जात नाही. जातो तो श्वासातून. पुरळ आल्यापासून चार दिवस बाळाला वेगळं ठेवायला सांगतील, तेव्हा दूध काढून वाटी-चमच्याने दुसऱ्या कुणीतरी, ज्याचे डोस झालेत त्याने, पाजायचं. मग जवळ घ्या पोटभर.

मोठ्या मुलाचा एमआरचा डोस आलाय आणि मी गरोदर. त्याची लस मला लागेल का?

नाही लागत. त्याला घेऊन या, उलट त्याचा डोस झालेला असणं हेच तुमचं संरक्षण आहे.

अजून दिवस गेले नाहीत, प्लॅनिंग आहे. आत्ता काय करून ठेवू?

तुम्ही सगळ्यात शहाण्या, असा प्रश्न विचारणारी मला वर्षात एखादीच भेटते. कार्ड शोधा, नाही सापडलं तर गोवर आणि रुबेला दोन्हींची आयजीजी करा किंवा सरळ एमएमआर घ्या, आधी डोस झालेला असला तरी परत घेतल्याने बिघडत नाही. दोन डोस घ्यायचे तर मध्ये चार आठवडे, आणि शेवटच्या डोसनंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. सरकारी सत्रावर एमआर मुलांसाठी असते, मोठ्यांना बहुतेक वेळा खासगीत विकत घ्यावी लागते. नवऱ्यालाही घ्यायला लावा. नर्स, अंगणवाडी सेविका, आशा, बालवाडीच्या टीचर यांनी तर लग्न ठरलं की लगेच. आणि राहूनच गेलं तर बाळंतपणानंतर घ्या, दूध पाजताना चालते.

बाळाची पहिली लस कधी?

नऊ महिने पूर्ण झाले की पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा. तोपर्यंत तुमच्या अंगातल्या अँटिबॉडी नाळेतून गेलेल्या असतात त्यावर ते निभावतं, पण त्या तुमच्याकडे असतील तरच, आणि महिन्यामहिन्याला कमी होत जातात. साथ चालू असेल तर काही भागांत सहा महिन्यांनाही एक जादा डोस देतात, तो मोजणीत धरत नाहीत, नऊ महिन्यांचा तरीही घ्यायचाच. आणि मुलगी असेल तर ते कार्ड लॅमिनेट करा, मोबाईलमध्ये फोटो काढा, पंचवीस वर्षांनी कुठलीतरी सिस्टर तिलाही विचारणार आहे.